साहेब हरले, ताई जिंकल्या, पण पक्ष कुठंय? सोलापूर काँग्रेसचं करायचं काय?

बाळीवेस_कट्टा (धागाकर्ता)

१३ फेब्रुवारी २०२५ ला हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ चा. म्हणजे पडलो कशामुळं यावर बोलायच्या आधी अध्यक्ष बदलायलाच पावणेतीन महिने गेले. आमच्याकडं लगेच अभिनंदनाचे डिजिटल फलक लागले आणि त्यावर कुणाचा फोटो मोठा, कुणाचा बारका यावरून ग्रुपवर दोन दिवस भांडण. पराभवावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी लिहितो. राज्यात १९९९ ला ७५, २००४ ला ६९, २००९ ला ८२. मग ४२, ४४ आणि आता १०१ जागा लढवून १६. थोरात संगमनेरला गेले, पृथ्वीराजबाबा कराड दक्षिणला गेले, खुद्द नाना पटोले साकोलीत २०८ मतांवर वाचले. आपल्या जिल्ह्यात अकरा आमदार. २०१४ च्या लाटेतसुद्धा त्यात काँग्रेसचे तीन होते, २०१९ ला एक, आता भोपळा.

मी घरापासून काँग्रेसवाला. वडील सुशीलकुमार शिंदे साहेबांच्या सभेत सतरंज्या घालायचे. माझा प्रश्न साधा आहे. नेतृत्व कमकुवत आहे म्हणून आपण हरतोय की खाली पक्षच उरला नाही म्हणून? आणि हरल्यावर राजीनामा नेमका कुणी द्यायचा? ईव्हीएमवर दुसरा धागा काढा, इथं नको.

कडक_भाकरी

राजीनामा द्यायला आधी पदावर माणूस पाहिजे ना बे. आमच्या वॉर्डाचे अध्यक्ष कोण हे त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नाही.

जुळे_सोलापूरकर

मी भाजपचा मतदार, आधीच सांगतो म्हणजे नंतर शोध लावायला नको. नेतृत्व कमकुवत म्हणता, तर मे २०२४ मध्ये याच नेतृत्वानं लोकसभा जिंकली ना? साहेबांच्या कन्या प्रणितीताई ७४ हजारांनी आल्या. साहेब २०१४ ला दीड लाखाच्या आसपास मागं होते, २०१९ ला त्याहून जास्त. तिथून ही सीट ओढून आणली. सहा महिन्यांत त्याच सहा विधानसभांपैकी मोहोळ सोडून पाच भाजपकडं, आणि मोहोळ पण पवारसाहेबांच्या पक्षाची. सहा महिन्यांत नेता कमकुवत होतो का?

बाळीवेस_कट्टा

@जुळे_सोलापूरकर, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. लोकसभेला उमेदवार एक, मत एक, संविधानाचा मुद्दा होता, कांद्याचा राग होता. लोकांनी मत दिलं, आम्ही गुलाल उधळला आणि समजलो की संघटना जिवंत झाली. विधानसभेला प्रत्येक गल्लीत माणूस लागतो. तो नव्हता.

होटगी_रोड

संघटना बिंघटना राहू द्या. दक्षिण सोलापूरचं बोला. जागा आघाडीत आमच्या ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली, उमेदवार अमर पाटील, मशाल घेऊन आमची पोरं महिनाभर उन्हातान्हात फिरली. आणि २० नोव्हेंबरला, मतदान चालू असताना, सुशीलकुमार शिंदे साहेब आणि ताई सांगतात की आमचा पाठिंबा अपक्ष धर्मराज काडादींना! ऐन मतदानाच्या दिवशी! आम्ही बूथवर बसलेलो, मोबाईलवर बातमी आली, समोरच्या टेबलवरचा भाजपवाला हसून म्हणाला, 'चहा घे बे, जेवण पण इथंच कर आता.'

तुम्ही विचारताय राजीनामा कुणी द्यायचा. मी काय सांगू?

बाळीवेस_कट्टा

होटगी रोड, तुमचा राग मान्य. पण ती जागा तुम्हाला सोडली तेव्हा दक्षिणमध्ये काँग्रेसचं जुनं काम होतं, २००९ ला आमदार होता. दिलीप माने तयारीत होते, शेवटपर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, मिळाला नाही. गोंधळ मुंबईत घातला, फेडला इथं.

होटगी_रोड

मग पाठिंबा अर्ज माघारी घ्यायच्या दिवशी जाहीर करायचा होता. मतदानाच्या दिवशी का? वाद घालू नका, त्याचं उत्तर तुमच्याकडं नाही.

सिद्धेश्वर_चिमणी

काडादींचं नाव निघालं म्हणून. माझ्या आयडीवरून समजलंच असेल मी कुठला ते. १५ जून २०२३ ला काडादींच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानसेवेला अडथळा म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी विमानतळाचं ऑनलाईन उद्घाटन केलं. फेब्रुवारी २०२५ उजाडला तरी विमान दिसलं नाही. यावर शेतकरी सभासद किती चिडले होते! तो राग कुठल्या पक्षाला वापरता आला? कुणालाच नाही. एक म्हणाला विमानतळ पाहिजे, एक म्हणाला चिमणी पाहिजे, आणि काँग्रेस म्हणाली दोन्ही पाहिजे.

कडक_भाकरी

विमान आलं की आम्हाला पण सांगा. तोपर्यंत हुतात्मा एक्स्प्रेसनं जातो.

पूर्व_भाग

थोडं लांब लिहितो, कारण शहर मध्य मतदारसंघाचं दुखणं बाहेरच्यांना कळत नाही.

आमचं घर पद्मशाली, अशोक चौकाच्या मागं. आजोबा जुन्या मिलमध्ये, वडील पॉवरलूमवर, आई विड्या वळायची. आमच्या भागात काँग्रेस म्हणजे विष्णुपंत कोठे. शिंदे साहेब दिल्लीत असोत, मुंबईत मुख्यमंत्री असोत की आंध्रात राज्यपाल, सोलापुरात पाण्याचा टँकर, दवाखान्याची चिठ्ठी, पोराची ॲडमिशन, महापालिकेतला शिपाई, सगळं कोठेंकडं. निवडणुकीत कुठल्या गल्लीत किती मतं, कोण नाराज, कुणाच्या घरी लग्न, हे त्यांच्या माणसांना तोंडपाठ. साहेबांनी वर बघायचं, कोठेंनी खाली.

पुढं ते घराणं दुरावलं. महेशअण्णा २०१४ ला शिवसेनेतून थेट ताईंच्या विरोधात उभे राहिले. तेव्हापासून काँग्रेसनं पूर्व भागात दुसरा माणूस उभा केला का? नाही. ताई तरी तीनदा निवडून आल्या, कारण समोरची मतं शिवसेना, भाजप, एमआयएम आणि कम्युनिस्टांचे आडम मास्तर अशी फुटायची. २०१४ ला दुसरा नंबर एमआयएमचा, २०१९ ला पण एमआयएमचाच. लोक म्हणायचे ताईंचा गड. कसला गड? समोरच्यांची एकी होत नव्हती, एवढंच.

२०२४ ला ताई दिल्लीला गेल्या आणि भाजपनं उमेदवार कोण दिला? देवेंद्र कोठे. विष्णुपंतांचा नातू. निवडून आला, दुसरा नंबर परत एमआयएमचा. ज्या घरानं काँग्रेसला आमचा भाग बांधून दिला त्याच घरातला पोरगा कमळावर आमदार. महेशअण्णा स्वतः शहर उत्तरमधून तुतारीवर, म्हणजे पवारसाहेबांच्या पक्षाकडून लढले, हरले, आणि जानेवारीत प्रयागराजला गेले होते तिथंच हार्ट अटॅकनं गेले. अंत्ययात्रेला सगळ्या पक्षाची माणसं. ती गर्दी बघून मला वाटलं, आपल्याकडं पक्ष असा कधी नव्हताच, माणसं होती.

तर @बाळीवेस_कट्टा, नेतृत्व कमकुवत की संघटना, असं वेगळं करता येत नाही. नेतृत्वानं मांडवाचं सगळं काम एका केटररवर सोडलं, तो उठून गेला आणि यजमानाला स्वयंपाकघर कुठंय हेच माहीत नाही.

अक्कलकोट_नाका

+१. पूर्व भाग यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर टाका.

हद्दवाढ

आडम मास्तरांचा उल्लेख ओझरता झाला. गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरं, रे नगर तीस हजारांची योजना. त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला मोदींच्या हस्ते दिल्या. लाल बावट्यानं वीस-पंचवीस वर्षं आंदोलनं केली, विडी कामगार बायका मोर्च्यात चालल्या, आणि फोटोत कमळ. तरी मास्तरांना आघाडीनं शहर मध्य सोडलं नाही. चेतन नरोटे काँग्रेसकडून, मास्तर वेगळे. दोघं पडले.

जुळे_सोलापूरकर

हेच म्हणतोय. आणि भाजपमध्ये भांडणं नाहीत असं समजू नका. मालक (विजयकुमार) आणि बापू (सुभाष), दोन्ही देशमुख, महापालिकेत २०१७ पासून काय काय चाललं ते सगळ्या गावानं पाहिलं. १०२ पैकी ४९ आले होते आमचे, स्थायी समितीवरून एकमेकांच्या उरावर बसले. पण मतदानाच्या दिवशी दोघांची माणसं यादी घेऊन बाहेर.

अजून एक. भाजपनं लोकसभेला तीन वेळा तीन माणसं दिली. बनसोडे खासदार असताना तिकीट कापलं, महास्वामी खासदार असताना कापलं, सातपुतेंना माळशिरसहून आणलं. तो डाव फसला हे सोडा, पण खासदाराचं तिकीट कापायची हिंमत तुमच्या पक्षात कुणात आहे? तुमच्याकडं २००९, २०१४, २०१९ साहेब, मग २०२४ ताई.

बाळीवेस_कट्टा

ताई तीनदा आमदार झाल्या त्या स्वतः फिरून. घराणेशाही म्हणून सगळं झटकू नका. मोदी लाटेत दोनदा सीट काढणं सोपं नव्हतं.

जुळे_सोलापूरकर

त्यांचं काम नाकारत नाही. ताईंच्या नंतर कोण, एवढं एक नाव सांगा.

बाळीवेस_कट्टा

...

कडक_भाकरी

हे तीन टिंब काँग्रेस कमिटीच्या मिनिट्समध्ये लिहा.

माळशिरसचा

धागाकर्त्यानं मना केलंय तरी ईव्हीएमवर बोलतो. आमच्या तालुक्यात मारकडवाडी. आघाडीचे उत्तमराव जानकर आमदार झाले, पण त्या एका गावात त्यांना ८४३ आणि सातपुतेंना १००३ मतं. गावकरी म्हणाले हे शक्यच नाही, आम्ही बॅलटवर परत मतदान घेतो. ३ डिसेंबरला पोलिसांनी होऊ दिलं नाही. मग पवारसाहेब आले, देशभरचे कॅमेरे आले. गावाला शंका आहे तर घेऊ द्यायचं होतं ना मतदान! भ्यायला काय झालं?

निवृत्त_गुरुजी

मी नोकरीत असताना केंद्राध्यक्ष म्हणून निवडणुकीची कामं केली आहेत, म्हणून थोडं सांगतो. गावाची शंका खोटी की खरी यात पडत नाही. मला दिसलं ते लिहितो.

मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान असतं. किमान पन्नास मतं टाकून, मोजून, चिठ्ठ्यांशी ताळा करून दाखवायची. प्रतिनिधी समोर असतील तर त्यांच्या सह्या. नसतील तर थोडा वेळ थांबून आम्ही घेऊन टाकतो. संध्याकाळी १७ सी नमुन्यात किती मतं पडली, कुठल्या क्रमांकाचं यंत्र, कुठली सीलं, याचा हिशोब भरून हजर प्रतिनिधींना प्रत द्यायची. तोच कागद मोजणीच्या टेबलवर लावून बघायचा.

एका केंद्रावर मी संध्याकाळी प्रती हातात धरून उभा. एका पक्षाच्या प्रतिनिधीनं मोजून घेतली, दोन ठिकाणी सही नीट करायला लावली. दुसऱ्या मोठ्या पक्षाचा प्रतिनिधी दुपारी जेवायला गेला तो आलाच नाही. कुठला पक्ष ते लिहीत नाही. यंत्रावर शंका घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण १७ सी चा कागद फाईलला लागतो, भाषणाला नाही.

माळशिरसचा

गुरुजी, आमच्या इथं प्रतिनिधी होते. शेवटपर्यंत होते. सगळ्यांना एका मापात मोजू नका.

निवृत्त_गुरुजी

मान्य. तुमच्याकडं तालुक्यात संघटना आहे आणि तिथं आघाडी जिंकली, हेही खरं.

मंगळवेढा_ज्वारी

आमचं पंढरपूर-मंगळवेढा विसरलात. तिथं यंत्राला दोष द्यायची गरजच नाही. काँग्रेसचे भगीरथ भालके आणि तुतारीचे अनिल सावंत, दोघांनाही आघाडीचा एबी फॉर्म. मैत्रीपूर्ण लढत म्हणे. भालके आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले, सावंतांनी त्याहून जास्त घेतली. जिंकलेल्या भाजपच्या अवताडेंना हार घालायला खरं तर आघाडीच्या नेत्यांनीच जायला पाहिजे होतं.

विडी_घरकुलची_मुलगी

सगळे पुरुष याद्या आणि फॉर्मवर बोलताय. माझी आई अजून विड्या वळते. ऑगस्टपासून तिच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे दीड हजार येत होते. निवडणुकीच्या आधी दोन महिन्यांचे एकदम आले. आघाडीनं महालक्ष्मी योजनेत तीन हजार देतो म्हणून सांगितलं. आईला मी समजावलं, अगं हे दुप्पट आहेत. ती म्हणाली, 'ते देतो म्हणतात, हे दिलेत.' विषय संपला.

पण एक सांगते. अर्ज भरायच्या वेळी आमच्या लाईनमध्ये कोण बसलेलं? कमळवाल्यांची टेबलं. आधार लिंक नाही, खातं बंद, नाव चुकलं, सगळं तेच बघत होते. काँग्रेसवाले तेव्हा काय करत होते? योजना फसवी आहे म्हणून पत्रक वाटत होते. ज्या बाईच्या खात्यावर पैसे आलेत तिला फसवी म्हणून कसं पटेल? टेबल टाकून बसायला कुणी अडवलं होतं?

पूर्व_भाग

पूर्ण खरं. आमच्या चौकात पण तेच.

इतिहास_सोलापूर

सोलापूर असं कधीच नव्हतं. १९३० ला नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लावणारं गाव हे. मे महिन्यात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी. चार जण, चार समाज. ही काँग्रेसची परंपरा आहे, ती आजच्या पोरांना सांगितली पाहिजे.

पुण्यातला_सोलापुरी

काका, हुतात्म्यांना नमस्कार. पण दर निवडणुकीत १९३१ सांगून २०१७ ला १०२ पैकी १४ नगरसेवक आले. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं हिंजवडी, खराडीला आहेत. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल गेल्यावर या गावात पोटाला काय आहे? त्यावर एक तरी कार्यक्रम कुठल्या काँग्रेस नेत्यानं मांडलेला आठवतोय का? आम्ही मतदानाला गावी येतो ते आईच्या हातचं खायला. आल्यावर कळतं की मतदार यादीत नावच नाही.

आणि वरचं काय वेगळं आहे? हरियाणा हातात असल्यासारखं बोलत होते, ३७ वर अडकले. दिल्लीत २०२५ ला सलग तिसऱ्यांदा शून्य. तिथंही कुणी जबाबदारी घेतली का?

इतिहास_सोलापूर

गिरण्या फक्त काँग्रेसमुळं बंद पडल्या नाहीत. मालकांनी यंत्रं बदलली नाहीत, पॉवरलूमची स्पर्धा आली, त्याचा वेगळा धागा होईल.

हद्दवाढ

काढा की. पण त्यात पाण्याचं पण घाला. उजनी भरलं तरी आमच्याकडं पाच दिवसाआड. समांतर जलवाहिनीचं नाव ऐकून केस पांढरे झाले.

कडक_भाकरी

पाच दिवसाआड? लकी आहात. आणि शेंगा चटणीचा भाव काय झालाय बघितला का कुणी?

संपादक

वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. पाणी आणि चटणी यांना धागे उपलब्ध आहेत.

होटगी_रोड

चटणी राहू द्या. मूळ प्रश्न राजीनामा कुणी द्यायचा हा होता. तीसेक प्रतिसाद झाले, कुणी एक नाव घेतलं नाही. हाच तो आजार.

निवृत्त_गुरुजी

बाळीवेस, तुम्ही स्वतः कुठल्या पदावर आहात? विचारतो म्हणून रागावू नका.

बाळीवेस_कट्टा

रागावत नाही. ब्लॉक कमिटीत सरचिटणीस आहे. लेटरहेड आहे, शिक्का आहे. माझ्या ब्लॉकच्या बूथवार यादीची प्रत मी मागितली होती, ती शहर कार्यालयात नव्हती. ज्या पदाधिकाऱ्यांकडं असायला पाहिजे त्यांनी सांगितलं, 'निवडणूक आली की वरून येते.' आता पद सोडलं तर त्या जागी यादी न मागणारा माणूस येईल, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून सोडत नाही.

सपकाळांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. साधी राहणी, पदयात्रा, हे सगळं चांगलं. पण त्यांनी सोलापूरला येऊन व्यासपीठावर बसू नये. शहरातल्या प्रत्येक बूथला एक नाव लिहून घ्यावं आणि ज्या पदाधिकाऱ्याकडं नावं नसतील त्याला तिथंच मोकळं करावं. राजीनामा मागायचा तर तिथून सुरुवात.

जुळे_सोलापूरकर

हे करू नका राव. आमची अडचण होईल.

पूर्व_भाग

मार्च २०२२ मध्ये महापालिकेवर प्रशासक आला. नगरसेवक राहिला नाही, तक्रार घेऊन जायचं कुणाकडं? तीन वर्षं ही मोकळी जागा होती. रोज संध्याकाळी दोन तास टेबल टाकून बसला असता तर तो माणूस आज बिनतिकिटाचा निवडून आला असता. सगळे वाट बघत बसले कोर्ट निवडणुका कधी लावतं त्याची. लागल्या की तिकिटासाठी काँग्रेस भवनासमोर गर्दी बघा.

विडी_घरकुलची_मुलगी

मग टाका ना टेबल. आमच्या लाईनमध्ये ज्यांचे लाडक्या बहिणीचे अर्ज आता तपासणीत अडकलेत त्या बायका रोज विचारतायत. कमळवाले निवडणुकीनंतर दिसत नाहीत. जागा मी दाखवते, आमच्या कट्ट्यावर सावली आहे.

निवृत्त_गुरुजी

मी १७ सी, मतदार यादीतली नावनोंदणी, नमुना ६ कसा भरायचा हे शिकवायला येईन. कुठल्याही पक्षाला शिकवीन, जुळे सोलापूरकरांनाही. पैसे नको, हार नको, फोटो काढायचा नाही.

होटगी_रोड

आमची चार पोरं येतील. पण आधी दक्षिणवर बोलणं होईल, मगच टेबल.

बाळीवेस_कट्टा

बोलू. शनिवारी संध्याकाळी जमेल का? रविवारी नको.

होटगी_रोड

रविवारी काय आहे?

बाळीवेस_कट्टा

पाणी येतंय आमच्याकडं.